बाजूची दोन चाकं

पाच वर्षांच्या मुलीला सायकल घ्यायची, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात मात्र त्यावर आठवडाभर चर्चासत्र चाललं होतं! मुलगा म्हणाला, "आई, वीस इंची घेऊ. तीन-चार वर्षं बघायला नको." नातीला गुलाबी रंग आणि पुढे टोपली हवी होती. सूनबाईचं म्हणणं एवढंच, की सायकल नकोच.

तिची भीती खोटी नाही. आम्ही राहतो पळस्प्याला. मुंबईहून येणारा रस्ता इथे फुटतो, एक पुण्याकडे जातो आणि एक गोव्याकडे. न्हावाशेवा बंदराचे लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस धावत असतात. एकेकाळी भातकापणी झाली की इथली मुलं मोकळ्या खाचरांत सायकली शिकायची. त्यातल्या कितीतरी खाचरांवर आज गोदामं आणि इमारती उभ्या आहेत. म्हणून मी म्हटलं, सायकल कोणती ते नंतर, आधी जागा ठरवू. ठरलं ते असं: फक्त सोसायटीच्या आवारात, फाटक बंद असताना, गाड्यांची ये-जा नसेल तेव्हा, आणि घरातलं एक मोठं माणूस खाली हवंच. सूनबाई गप्प राहिली. तिचा होकार मी त्यातच धरला.

मग माप. शिक्षकी पेशात आयुष्य गेलं, त्यामुळे अंदाजपंचे काही करवत नाही. नातीला भिंतीला टेकून उभं केलं, दोन पायांत पुस्तक धरलं आणि टेपने जमिनीपासूनचं अंतर मोजलं. ४८ सेंटिमीटर भरलं. उंची ११०, वजन १८ किलो. एवढ्या मुलीला १६ इंची चाकांची सायकल बसते. सीट अगदी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वीस इंचीवर नुसते अंगठे टेकले असते.

आपल्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं घ्यायची सवय. शाळेचा फ्रॉकही दोन बोटं जास्त दुमड घालून शिवायचा आणि वर्षाने उसवायचा. पण मोठा फ्रॉक घातला म्हणून मूल पडत नाही, सायकलवरून पडतं. आणि पहिल्याच आठवड्यात भीती बसली तर ती काढायला वर्षं लागतात.

पनवेलच्या दुकानदाराने "या बाई!" म्हणत स्वागत केलं. माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने आधी जाडजूड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली सायकल दाखवली. "एकदम मजबूत, बाई." वजन करायला लावलं तर ११ किलो! म्हणजे मुलीच्या निम्म्याहून जास्त. ती सायकल पडली तर हिला उचलताही येणार नाही. त्या स्प्रिंगाही एवढ्याशा वजनाला जेमतेम दबतात, नुसतंच लोखंडाचं ओझं. मजबूत आणि जड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मजबुती बघायची ती सांध्यांत: जोड नीट भरलेले आहेत ना, हँडल धरून हलवलं तर खडखडतं का, बाजूच्या चाकांची पट्टी जाड आहे की हाताने वाकते. चेन पूर्ण झाकलेली हवी. ब्रेकची मूठ मुलीच्या बोटांत आली पाहिजे, नुसती दिसायला नको. ती मी नातीकडूनच दाबून घेतली. शेवटी साडेआठ किलोची एक साधी सायकल पसंत पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, तेही विद्यार्थ्याला आठवण करून दिलं. बाई त्या बाईच!

आता त्या बाजूच्या चाकांबद्दल. ती तोल शिकवतात असा समज आहे. खरं तर ती पडू देत नाहीत, एवढंच. दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली असली की सायकलची तीनचाकी होते. वळताना ती आत झुकत नाही आणि मूल बाहेर फेकल्यासारखं होतं. शिवाय जमिनीत खळगा असला तर बाजूची चाकं कडांवर टेकतात आणि मागचं चाक अधांतरी राहतं. मग मागचा ब्रेक दाबून काय उपयोग? म्हणून पुढचाही ब्रेक चालू हवा, आणि ही चाकं जमिनीपासून किंचित वर बसवून घ्यावीत.

जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ साली जी दुचाकी केली तिला पायडल नव्हतंच. बसायचं आणि पायांनी जमीन रेटत जायचं. पायडल आलं १८६० च्या दशकात. म्हणजे माणसाने आधी तोल साधला आणि मग पाय फिरवले. मुलांनाही तसं शिकवता येतं, दोन्ही पायडल काढून ठेवायचे. फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते लक्षात ठेवावं.

मी स्वतः सायकल शिकले बाविसाव्या वर्षी, १९७४ साली. नोकरीची शाळा सहा किलोमीटरवर होती आणि एसटी दिवसातून दोनदा. घरच्यांना मुलीने सायकलवर बसणं पसंत नव्हतं. पण त्या सायकलमुळे माझी नोकरी टिकली. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायचं ठरवलं आणि शाळेत येणाऱ्या मुली वाढल्या, हे वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. नातीची सायकल मला खेळणं वाटत नाही ते यामुळेच.

असो. सायकल येऊन तीन महिने झाले. मला लांबचं आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. फरशांवर बाजूची चाकं खडखडतात, ते गॅलरीत बसून ऐकते. हल्ली मधेमधे तो आवाज थांबतो. चार-पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग पुन्हा खडखड. त्या चार-पाच सेकंदांत पोरगी दोनच चाकांवर असते. तिला अजून ते कळलेलं नाही.

सूनबाईला मात्र कळलंय. परवा ती खाली उभी होती. आवाज थांबला तेव्हा तिचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला. वर आल्यावर म्हणाली, "आई, अजून महिनाभर राहू देत ना ती चाकं?" म्हटलं, राहू दे. शाळेत दुरेघी वहीवरून एकेरी वहीवर कोणत्या मुलाला कधी न्यायचं हे मी ठरवत असे. हे तिच्या आईने ठरवायचं आहे. पाना मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय आणि तो कुठे आहे ते तिला दाखवून ठेवलंय.