आक्का, चहा जरा थांबून घे

आक्का,

आज पहाटे थायरॉइडची गोळी घेतलीस? आणि लगेच चहा? खरं सांग. फोनवर तू "घेतली की गं" म्हणतेस, तेव्हा मागून कपबशी वाजते.

रागावू नकोस. दिवाळीत भूमला आले होते तेव्हा सगळं पाहिलंय मी. दूध घालणारे दारात यायच्या आत खव्याची भट्टी पेटायला हवी, म्हणून अंधारात उठतेस आणि दुधाच्या चहाबरोबरच गोळी गिळतेस. वर रक्तवाढीची लाल गोळीही. बाटली कुठं, तर भट्टीशेजारच्या कोनाड्यात, जिथली भिंत हाताला चटका देते! त्या गोळीतल्या थायरॉक्सिनला ऊब आणि दमटपणा सोसत नाही. दुधातलं कॅल्शियम आणि लाल गोळीतलं लोह त्याला आतड्यातच अडवतं. मग रक्ताच्या तपासणीत टीएसएच चढलेला दिसतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि तू म्हणतेस, औषध लागू पडत नाही. पडू दिलंस कधी?

पण बोलायला मला तरी कुठं तोंड आहे? आजार कळायच्या आधी तुझा आवाज घोगरा झाला, वेणी निम्मी राहिली, वैशाखातही वाकळ ओढून निजायचीस. सगळे म्हणाले, बसून खाऊन सुटली. तू, आणि बसून! मीही हसले होते गं त्यांच्यात. तू काही बोलली नाहीस, नुसती भट्टीकडं गेलीस.

तू ज्याला 'हाशीमोटू' म्हणतेस ना, तो हाशिमोतो जपानचा डॉक्टर. 1912 साली त्यानं चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथी तपासून हा आजार लिहून ठेवला. पुढं गावी परतून तिथल्याच लोकांना औषधपाणी करत राहिला. राखणीच्या कुत्र्यानं घरधन्यालाच चावावं, तसा हा आजार. अंगातली राखण करणारी यंत्रणाच थायरॉइडवर उलटते. ग्रंथीला जे बनवता येत नाही, तेवढंच गोळी भरून देते. "सवय लागेल" म्हणून भितेस? मिठाची सवय लागते म्हणून कुणी अळणी जेवतं का?

आणि ती शेजारणीची पथ्याची यादी फाडून टाक. बाजरीची भीती अगदीच खोटी नाही. सुदानमध्ये जिथं रोजचं पोट बाजरीवर होतं आणि आयोडीनही कमी, तिथं गलगंड जास्त दिसला. आपल्या ताटात रोज ज्वारी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खुशाल खा, शिजवलेला कोबीही खा. आयोडीनचं साधं मीठ राहू दे, पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या नकोत, जास्तीच्या आयोडीननं हा आजार बळावतो. कुठलंही पथ्य गोळीच्या जागी उभं राहत नाही, एवढं ध्यानात ठेव.

बाटली कपड्यांच्या कपाटात ने. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी गोळी, मग भट्टी, आणि तासाभरानं चहा. लाल गोळी चार तासांनी. असे सहा-आठ आठवडे काढ, मग रक्त तपासू. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनी, तू नाही आणि शेजारीण तर नाहीच.

तू थकलीस तेव्हा मी तुला आळशी म्हटलं. आता निदान तुझ्या पहाटेची राखण करू दे.

उद्या पाचला फोन करते. कपबशी वाजली नाही पाहिजे.

तुझी धाकटी