वाफा तळ्याच्या कोणत्या बाजूला?

चेन्नईत घरामागे छोटे तळे असले, की भाजीचा वाफा त्याच्या अगदी काठाशी करण्याचा मोह होतो. पाणी हाताशी आहे, मग माती ओलीच राहील, असा त्यामागचा हिशेब. हा मोह समजण्याजोगा आहे. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, रेडहिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडलेले या शहराने पाहिले आहेत. टँकरपुढे घागरींची रांग लावलेल्या माणसाला काठावरची ओल मोलाची वाटणारच.

पण मातीचा हिशेब निराळा असतो. तळ्याचा तळ सिमेंटचा किंवा प्लास्टिकचा असेल, तर पाणी बाहेर झिरपतच नाही. हातभर अंतरावरची माती कोरडी ठणठणीत राहते. तळे कच्चे असेल, तर पाणी केशाकर्षणाने वर चढते. भरड वाळूत जेमतेम काही सेंटीमीटर, चिकणमातीत कितीतरी अधिक. चिकणमातीत मग दुसरेच संकट उभे राहते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतो. सतत भिजलेल्या मातीत वांग्या-मिरचीची मुळे गुदमरतात आणि कुजतात.

खरा धोका मात्र पावसाळ्यात कळतो. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर कोसळतो. वाफा तळ्याच्या वरच्या अंगाला असेल, तर खतातील नत्र व स्फुरद वाहून तळ्यात उतरतात. पाणी हिरवे होते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. मासे मेले, की डासांच्या अळ्यांना खाणारे कोणी उरत नाही. मूठभर खताचा हिशेब असा घरातल्या माणसांच्या आरोग्यापर्यंत पोहोचतो.

उपाय जुनाच आहे. तमिळ मुलखातील ‘एरी’, म्हणजे सिंचनाचे तलाव, बांधताना पाणलोट वर, बांध मध्ये आणि शेते बांधाच्या खाली, असा क्रम राखला जाई. बागेतही तोच क्रम चालतो. वाफा उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून काही पावले दूर आणि वीतभर उंच करावा. सांडव्याचे पाणी त्याला वळसा घालून जाईल अशी चर खणावी. मधल्या पट्ट्यात गवत वाढू द्यावे. तळ्याचे पाणी बादलीने वाफ्याला घालावे. माशांच्या विष्ठेतील नत्र पालेभाजीला मानवते.

थोडक्यात, पोषणद्रव्ये तळ्याकडून वाफ्याकडे जावीत, वाफ्याकडून तळ्याकडे नव्हे.

चेन्नईतील गजबजलेले टी. नगर गेल्या शतकाच्या विशीत लाँग टँक नावाच्या तलावाच्या तळावर वसवले गेले. शहराने तो क्रम मोडला, तरी पाणी उताराची वाट विसरलेले नाही. परसातला वाफा आखताना निदान तेवढे ध्यानात ठेवता येते.