आधीच बसलेलं झाड

कुंडलच्या वर्गात बालकवींची ‘औदुंबर’ शिकवायला घेतली, की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, हे आपलंच औदुंबर!’ दत्ताचं देऊळ, कृष्णेचा घाट, तिथला डोह, सगळं पोरांच्या पायाखालचं. ‘डोहात मगरी हायत,’ अशी वर भरही पडते. बालकवी खानदेशातल्या धरणगावचे, आणि हा औदुंबर म्हणजे झाड, गाव नव्हे, हे सांगायची मला पूर्वी फार घाई असायची. आता नसते. ज्यानं डोह पाहिलाय, त्याला निम्मी कविता आधीच कळलेली असते.

दुसरी घाई त्याहून वाईट होती. वाचून होताच मी फळ्यावर लिहायचो : डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्ती. पोरं उतरवून घ्यायची. कविता तिथंच संपायची.

हल्ली दोनच रांगा मांडतो. एकीत रंग, दुसरीत क्रियापदं. कविता आठच ओळींची. रंग हिरव्या-निळ्यातून निघतात आणि पांढऱ्या पायवाटेनं काळ्या पाण्याशी येतात. झरा वाहतो, वाट चालते, झाड बसतं. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, ऋतूचं नाव नाही; तरी काळ जाणवतो. तो या दोन रांगांत मुरलेला आहे.

शेजारी कीट्सची १८१९ची शरद ऋतूवरची कविता ठेवतो. तिथं फळं पिकतात, धान्य उफणलं जातं, शेवटी रानात धसकटं उरतात. ऊसतोडीनंतरचं रान पाहिलेल्या पोरांना ते समजावून सांगावं लागत नाही. कीट्सचा काळ सुगीसोबत पुढं जातो, बालकवींचा डोहापाशी थबकतो.

बालकवी १९१८ साली, ऐन सत्ताविशीत, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. हे सगळ्यात शेवटी सांगतो. आधी सांगितलं, तर पोरं त्या काळ्या पाण्यात रूळच शोधत बसतात.

यंदा एका मुलीनं दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. ‘सर, झरा अजून वाहतोय, वाट अजून चालतेय. हा मात्र आधीच बसलाय. आपण पोचायच्या आत.’

इतकी वर्षं ते झाड म्हणजे काय, एवढंच मी विचारत आलो. ते कधीपासून बसलंय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.