एका फोटोसाठी तीन क्लिक

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये अर्धे लोक किल्ला बघायला येतात आणि अर्धे फोटो काढायला. मी दुसऱ्या अर्ध्यातली. गेल्या हिवाळ्यात राजमाचीवर सूर्य वर येत असताना मी ट्रायपॉड लावला आणि एकाच दृश्याचे खट-खट-खट तीन फोटो काढले. शेजारी उभा असलेला ऑफिसमधला मित्र हसलाच. ‘अगं, रॉमध्ये एक काढ आणि बाकीचं घरी कॉम्प्युटरवर कर. आजच्या जमान्यात ब्रॅकेटिंग कोण करतं?’

मला राग नाही आला. कारण अगदी हेच वाक्य मी एकदा बाबांना ऐकवलं होतं. आणि ते मला चांगलंच महागात पडलं होतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच फोटो तीनदा काढायचा. एक मीटर सांगतो तसा, एक मुद्दाम थोडा काळपट, एक मुद्दाम थोडा उजळ. याला म्हणतात एक्स्पोजर ब्रॅकेटिंग. उजेड दुप्पट किंवा निम्मा केला की झाला एक ‘स्टॉप’. बस, एवढंच गणित.

बाबांच्या काळात ही चैन नव्हती, विमा होता. त्यांच्याकडे पेंटॅक्स के१००० होता आणि त्यात स्लाइड फिल्म. स्लाइड म्हणजे भलतीच तिरसट बाई. पाच-सहा स्टॉपच्या पलीकडचा उजेड-अंधार तिला झेपत नाही आणि एक्स्पोजर जरा चुकलं की खेळ खलास. रोल ३६ फोटोंचा. प्रत्येक दृश्याचे तीन काढले की उरतात फक्त १२. त्यामुळे बाबा विमा काढायचे तोही मोजून-मापून, खास प्रसंगांनाच.

मग डिजिटल आलं आणि आमची पिढी माजली! फोटो काढला की लगेच मागच्या स्क्रीनवर दिसतो. हिस्टोग्राम सांगतो की कुठे काय जळलंय, कुठे काय बुडालंय. रॉ फाइलमध्ये तर अंधारातून तीन-तीन स्टॉप वर खेचून काढता येतात. आजच्या चांगल्या सेन्सरची झेप जवळपास १४ स्टॉपची. मीटर चुकेल या भीतीने तीन फोटो काढायचे दिवस खरोखरच गेले, आणि ते गेल्याचं मला काडीचंही दुःख नाही.

माझी चूक वेगळीच होती. ब्रॅकेटिंगला तेवढं एकच काम होतं, असं मी धरून चालले.

२०१९चा मे महिना. कोकणातलं आमचं घर पाडायचं ठरलं होतं. वाटण्या झालेल्या, पावसाळ्याआधी कौलं उतरवायची होती. मी एका दिवसासाठी गेले, ऐन दुपारी पोचले. निघताना बाबा फोनवर म्हणाले, ‘माजघरातून ओटी आणि खळं दिसतं ना, तो फोटो घे. आणि तीन घे गं.’ मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही पण ना! आता त्याची गरज नसते.’

माजघरात अंधार. वरच्या एका काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप सारवलेल्या जमिनीवर पडलेली. समोर दार, दारापलीकडे ओटी, ओटीपलीकडे रणरणत्या उन्हातलं खळं आणि मधोमध तुळशीवृंदावन. मी माजघराचा मीटर घेतला, एक क्लिक केला आणि ‘रॉ आहे, बघू नंतर’ म्हणत भांडी बांधायला गेले. मोबाइलवरही एक काढून ठेवला.

चार दिवसांनी पुण्यात फाइल उघडली. माजघर सुरेख. काळ्या पडलेल्या तुळया, फळीवरचे डबे, सगळं होतं. पण दाराच्या चौकटीत पांढरा कागद चिकटवल्यासारखा नुसता पांढराफटक आयत. खळं नाही, तुळस नाही. स्लायडर पार टोकाला नेला तर पांढऱ्याचा राखाडी झाला, एवढंच.

असं का झालं, हे नंतर शांतपणे समजून घेतलं. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे पावसात ठेवलेलं भांडं. भांडं अर्धं भरलं तर किती पाऊस पडला हे सांगता येतं. काठोकाठ भरून वाहायला लागलं की संपलं, वाहून गेलेलं पाणी कोण मोजणार? अंधार नंतर वर खेचता येतो, जळलेला उजेड परत आणता येत नाही. आणि भर दुपारचं ऊन व कोंदट माजघर यांच्यातला फरक सहज १० ते १२ स्टॉपचा. म्हणजे एक हजारापासून चार हजार पट! त्यात उन्हातलं पांढरं वृंदावन आणि माजघराचा काळा कोपरा ही दोन टोकं धरली की ते १४ स्टॉपही पुरत नाहीत.

आणि मोबाइलचा फोटो? त्यात सगळं दिसतं, नाही असं नाही. कारण मोबाइल गुपचूप तेच करतो, जे करायला मी नाही म्हटलं. आयफोनमध्ये एचडीआर आलं २०१० साली. गुगलने २०१३मध्ये अनेक काळपट फोटो झटपट काढून एकत्र करायची युक्ती आणली आणि २०२०मध्ये पिक्सेल फोनमध्ये त्यात लांब एक्स्पोजरचीही भर घातली, म्हणजे पुन्हा ब्रॅकेटिंगच. पण माझ्या त्या फोटोतलं माजघर ट्यूबलाइट लावल्यासारखं लख्ख दिसतं. आमचं माजघर असं कधीच नव्हतं. अंधार किती ठेवायचा हे मोबाइलने ठरवलं. तीन फाइल हातात असत्या तर मी ठरवलं असतं.

तोवर कौलं उतरली होती. परत जायला घरच नव्हतं.

बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. माळ्यावरून स्लाइडचा डबा काढून आणला. १९८७ची संध्याकाळ, तोच कोन. तांदळाच्या डब्यावर कॅमेरा टेकवून, दोन-दोन स्टॉपचं अंतर ठेवून काढलेल्या तीन स्लाइड. मधली मी लहानपणापासून प्रोजेक्टरवर बघत आले. बाकीच्या दोन त्यांनी कधी दाखवल्याच नव्हत्या. ‘बिघडलेल्या होत्या, पण टाकवेनात.’ उजळ स्लाइडमध्ये माजघराचा कोपरान् कोपरा. काळपट स्लाइडमध्ये माजघर गुडुप, पण दाराच्या चौकटीत खळं स्वच्छ आणि तुळशीपाशी पाठमोरी आजी. दिवा लावतेय. मधल्या स्लाइडमध्ये तिथे फक्त एक फिकट डाग आहे. तो डाग म्हणजे आजी, हे मला बत्तीस वर्षांनी कळलं.

म्हणून आता मी तीन काढते. सगळीकडे नाही हं. माणसं, मुलं, क्रिकेट, वाऱ्यात हलणारी झाडं असतील तर विसरा, जोडताना भुतं दिसतात. साध्या उजेडात एक रॉ पुरे. ऊन उतरेपर्यंत थांबता येत असेल तर तो सगळ्यात उत्तम उपाय. पण अंधाऱ्या देवळाचा गाभारा, लेणी, खिडकीसकट खोली, सूर्याकडे तोंड असेल तर ब्रॅकेटिंग लावाच. अॅपर्चर आणि आयएसओ कायम, फक्त शटर बदलू द्यायचं. कॅमेरा कशावर तरी टेकवायचा. दोन स्टॉपचं अंतर ठेवायचं. आणि काम झालं की ते बंद करायचं! मैत्रिणीच्या लग्नात मी विसरले होते. अक्षता पडत असताना दर तीन फोटोंतला एक काळाकुट्ट आणि एक धुतल्यासारखा. ती अजून टोमणे मारते.

राजमाचीवर मित्राला एवढं सगळं नाही सांगितलं. फक्त विचारलं, ‘हाच सूर्योदय उद्या परत मिळणार असेल तर एकच काढते. मिळेल?’

तो हसला. मग गुपचूप त्याने कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ब्रॅकेटिंग कुठे आहे ते शोधायला घेतलं.