चिमणी, ड्रोन आणि आठ किलोमीटर

परवा सोलापूरला गेलो होतो. शाळेतला एक मित्र लग्नाची व्हिडिओ शूटिंग करतो. कर्ज काढून घेतलेला त्याचा ड्रोन ऐन सीझनमध्ये कपाटात पडलेला! मी विचारलं तर म्हणाला, "गावात विमान आलं, चांगलंच झालं बे. पण माझं विमान जमिनीवर बसलं की!"

2025 च्या जूनमध्ये होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्याचा आनंद मलाही झालाच. पण 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. सोलापूरचं विमानतळ शहराला इतकं खेटून आहे की बहुतेक मंगल कार्यालयं त्या वर्तुळात येतात.

मी लगेच शहाणपणा शिकवला. "अरे, साठ-सत्तर माणसं असतात विमानात. नियम तो नियम." तो शांतपणे म्हणाला, "नियम नको कोण म्हणतंय? मला फक्त कुठं, कधी, किती उंच ते सांगा."

आणि मला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवली. सुमारे 90 मीटर उंच. विमानाला अडथळा, म्हणून वर्षानुवर्षं वाद, कोर्टकचेऱ्या, आणि 15 जून 2023 ला महापालिकेनं स्फोटानं पाडली. महापालिकेच्या लेखी ती बेकायदा होती. कारखाना मात्र हजारो ऊस उत्पादक सभासदांचा. बरोबर कोण, हा वाद इथे नको. पण चिमणी पाडण्यापेक्षा ती बांधू न देणं कितीतरी स्वस्त, नाही का? आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट गो-लाइव्हनंतर कळली की क्लायंट आणि आपण दोघंही रडतो. तसंच हे.

आता गंमत बघा. सरकारला हे कळत नाही असं नाही. 2021 च्याच ऑगस्टमध्ये ड्रोनचे फॉर्म 25 वरून 5 वर आणले, फीचे प्रकार 72 वरून 4 वर. वजनाप्रमाणे वर्गही केले: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, असे पुढे. म्हणजे जितका धोका, तितकं बंधन. तत्त्व एकदम बरोबर.

पण जागेच्या बाबतीत हेच तत्त्व वर्तुळात हरवतं. कार्यालयाच्या अंगणात, इमारतीच्या गच्चीच्या खाली 8 मीटरवर फिरणारा मायक्रो ड्रोन, आणि धावपट्टीच्या रेषेत 100 मीटरवर गेलेला ड्रोन, दोघांनाही तीच परवानगी! न्यूझीलंडमध्ये जवळच्या इमारतीच्या किंवा झाडाच्या उंचीखाली, त्याच्या आडोशाला उडवणाऱ्याला विमानतळाजवळही काही अटींवर सूट आहे. ड्रोन भरकटला तरी आधी भिंतीला धडकेल, विमानाला नाही, असा साधा हिशोब.

वर धंदा म्हणून उडवायचं तर मायक्रोलाही पायलट सर्टिफिकेट आणि विमा लागतो. मोठी कंपनी या कामाला एक माणूस ठेवते. माझ्या मित्राकडे तो माणूस म्हणजे तो स्वतःच. लग्नाची तारीख काही परवानगीसाठी थांबत नाही.

सुरक्षेत सूट नकोच. पण उत्तर ठरलेल्या दिवसांत मिळावं, आणि कर्ज काढायच्या आधी कळावं. 'नाही' असलं तरी चालेल हो, वेळेवर असावं.

निघताना मित्र म्हणाला, "पुढच्या वेळी विमानानं ये. खालून शूटिंग करतो... हातात कॅमेरा धरून!" :)

असो. शेंगा चटणी आणली आहे, ऑफिसात भेटा.