चर्च स्ट्रीटच्या खाली

डब्लिनमध्ये लिफी नदी ओलांडून उत्तरेच्या काठाला आलं की फोर कोर्ट्सचा हिरवट घुमट दिसतो. त्याच्या मागच्या अंगाला, चर्च स्ट्रीटवर, सेंट मिकनचं चर्च आहे. करड्या दगडाचा चौकोनी मनोरा आणि साधं आवार. पाय थबकावेत असं बाहेरून काही नाही. समुद्रावरून आलेल्या डेन लोकांच्या वस्तीसाठी १०९५ साली इथं पहिलं चर्च उभं राहिलं. आजची इमारत सतराव्या शतकाच्या अखेरची. आत एक जुना ऑर्गन आहे. संगीतकार हँडलनं तो वाजवला होता, असं इथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पण बाहेरगावची माणसं यायची ती ऑर्गनसाठी नव्हे, जमिनीखाली उतरण्यासाठी.

माझी भाची त्या शहरात नोकरीला होती. ‘मावशी, तुला झेपेल ना?’ असं तिनं आवारातच विचारलं. जमिनीलगत तिरपी बसवलेली लोखंडी दारं, त्यांना साखळी. वाटाड्यानं ती सोडवली, दार उचललं, आणि अरुंद दगडी पायऱ्या दिसल्या. वर नेहमीची भुरभुर चालू होती. खाली ओल्या मातीचा कुबट वास येईल अशी मनाची तयारी केली होती, आणि हवा निघाली कोरडी, घशाला लागावी इतकी. साऱ्या आयर्लंडभर गवताच्या पात्यापासून कोटाच्या बाहीपर्यंत सगळं दमट असतं. ते दमटपण त्या पायऱ्यांवरच संपलं.

या कोरडेपणातच तिथलं सारं नवल होतं. भिंती चुनखडीच्या, त्या हवेतली ओल शोषून घेतात. गारवा वर्षभर जवळपास सारखाच. कुजायला ओल लागते, आणि तीच इथं नव्हती. म्हणून कुणी लेप लावला नव्हता, कुणी मसाले भरले नव्हते, तरी देह टिकले. श्रीमंत घराण्यांनी आपापल्या कोठड्या घेऊन त्यांत शवपेट्या एकावर एक रचल्या. वरच्यांच्या भारानं खालच्या फुटल्या, आणि ज्यांना झाकण लावून निरोप दिला होता ती माणसं उघडी पडली. त्यांना कुणी पाहावं, असं त्यांच्या घरच्यांच्या मनात कधी आलंही नसेल.

बोगद्याच्या दुतर्फा कमानी. एका कमानीत तीन पेट्या पुढे, एक मागे. कातडी सुक्या चामड्याच्या रंगाची, बोटांवर नखं शाबूत. वाटाड्या त्यांची ओळख करून देत गेला. ही जोगीण, चारशे वर्षांपूर्वीची. ही अनोळखी बाई. हा चोर. मागचा उंचापुरा तो धर्मयोद्धा, आठशे वर्षांपूर्वीचा म्हणतात. पेटीत मावेना म्हणून त्याचे पाय मोडून दुमडलेले. त्याच्या बोटाला स्पर्श केला की भाग्य उजळतं, अशी समजूत. कित्येक वर्षं लोक वाकून त्याचा हात हाती घेत. मी पाहिला तेव्हा तो हात मला झिजल्यासारखा, गुळगुळीत वाटला.

मला मात्र चोरापुढून हलवेना. त्याला चोर का म्हणायचं? एक हात नाही, पाय तुटलेले. चोरीची शिक्षा म्हणून तोडले असतील, असा तर्क. पण पुरावा काही नाही. धर्मयोद्ध्याचे पाय पेटीसाठी मोडले हे मान्य, तर याचेही तसेच गेले नसतील कशावरून? बिचारा सुतार असेल, नावाडी असेल, आजारात पाय गमावलेला कुणी बाप असेल. मेल्यावर त्याच्यावर आळ आला आणि तो पुसायला त्याला तोंड नव्हतं. दर फेरीला, पाहुण्यांच्या प्रत्येक टोळीसमोर, तो पुन्हा चोर ठरत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आपल्याकडे देह ठेवत नाहीत. बाबा पहाटे गेले, दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या. त्यांचा चेहरा माझ्याजवळ आहे तो फक्त आठवणीत. त्यामुळे आठशे वर्षं तसाच राहिलेला चेहरा पाहताना मी आधी बिचकले. आणि मग आळंदी आठवली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, म्हणजे हा धर्मयोद्धा सांगतात तितका जुना असेल तर दोघांच्या काळात फार अंतर नाही. पुढे अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली, त्यांनी एकनाथांच्या स्वप्नात येऊन ते सांगितलं, आणि नाथ आळंदीला जाऊन समाधीत उतरले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथ उतरले ते बोलावणं आलं म्हणून, कुणाच्या गळ्याचा काच सोडवायला. आम्ही उतरलो होतो तिकीट काढून. हा फरक त्या कमानीसमोर मला फार टोचला.

दुसऱ्या एका कोठडीत हेन्री आणि जॉन शीअर्स या दोघा भावांच्या पेट्या आहेत. दोघेही वकील, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘युनायटेड आयरिशमेन’चे कार्यकर्ते. एका कॅप्टननं विश्वास संपादन करून दगा दिला आणि १४ जुलै १७९८ रोजी इंग्रजांनी दोघांना फाशी दिलं. इकडे पुण्यात नाना फडणवीस अजून हयात होते, तो हा काळ. त्या भावांना नाव आहे, तारीख आहे, इतिहासात जागा आहे. तिथं मला ओशाळल्यासारखं झालं नाही. मान आपोआप खाली गेली, एवढंच.

२०१९च्या फेब्रुवारीत बातमी आली की कुणी तळघर फोडून धर्मयोद्ध्याचं डोकं पळवून नेलं. काही दिवसांनी पोलिसांना ते सापडलं. आणि मग जून २०२४. एक माणूस आत शिरला आणि तळघरात आग लागली. जे ज्वाळांतून वाचलं असतं त्यावर बंबाचं पाणी पडलं. ज्या कोरडेपणानं त्यांना शतकानुशतकं राखलं, तो त्या एका दिवसात संपला. देह आता सावरण्यापलीकडे गेले, असं चर्चनं सांगितलं. भाचीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. ‘मावशी, तो हातही गेला गं,’ म्हणाली. आम्ही दोघी बराच वेळ त्या परक्या माणसांबद्दल घरच्यांसारख्या बोलत होतो.

दहन झालं, सुटले बिचारे, असं मला कुणी इथं म्हणालं. मला ते पटलं नाही. अग्नी देणं वेगळं आणि आग लावणं वेगळं. अग्नी देताना मंत्र असतात, माणसं असतात, कुणाचा तरी थरथरता हात असतो. त्या दिवशी तिथं यांतलं काही नव्हतं. त्यांच्या धर्मानं त्यांना माती कबूल केली होती, ती अजून द्यायची राहिली आहे. जे काही उरलं असेल ते काचेमागे मांडू नये, संशोधनासाठी खोक्यात ठेवू नये. चर्चच्याच आवारात, त्या भुरभुर पावसाखाली, प्रार्थना म्हणून पुरावं. पाहुण्यांचं उत्पन्न बुडालं तर बुडो. चर्चला मदत लागली तर ती उघडपणे मागावी, माझ्यासारखे पुष्कळ देतील. वर एक दगड बसवावा. त्यावर नावं घालता येणार नाहीत, तर न घालता येवोत. फक्त ‘चोर’ हा शब्द तिथं कुठंही कोरू नये, आणि यापुढे कुठल्या वाटाड्यानंही तो उच्चारू नये.