जुनी मोटार आणि नेवाशाची वाट

नगर जिल्हा पाहावयाचा तर पाय तरी वज्राचे हवेत, नाहीं तर वाहन तरी घरचें हवें. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें. बोलण्यांत मात्र अद्याप 'नगर'च येतें. एका टोकाला अकोलें तालुक्यांत कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर, तर दुसऱ्या टोकाला जामखेड तालुक्यांत चौंडी, अहिल्याबाईंचें जन्मगांव. १८७८ सालीं सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्यांतून जातो खरा. परंतु नेवासें, पाथर्डी, जामखेड, संगमनेर, अकोलें हीं तालुक्याचीं गांवें त्याला लागत नाहींत. तेव्हां येथील जाणेंयेणें मुख्यतः सडकेचें. १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी निघाली तीहि पुण्याहून नगरासच.

त्या एस. टी.चा आम्हांला अभिमान आहे. पण तिची पहिली पायरी उंच असते, आणि घरांत वृद्ध माणूस असलें कीं त्या एका पायरीपाशीं त्याचा प्रवास संपतो. आमच्या मातोश्रींचें वय ७८, गुडघे थकलेले. आमचें कुलदैवत नेवाशाचा श्रीमोहिनीराज. नगरापासून नेवासें साठेक किलोमीटर. तरी सहा वर्षें त्यांना दर्शन घडलें नव्हतें. भाड्याची मोटार आणावी म्हटलें, तर "माझ्या एकटीसाठीं एवढा खर्च कशाला?" म्हणून त्याच बेत मोडीत. गाडी घरचीच असली तर हा प्रश्न उरणार नाहीं, हें जाणून आम्हीं मोटार घेण्याचें ठरविलें. आणि ऐपत पाहून ती जुनी.

मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आवांक्यांत मोटार आली ती १९८३ च्या डिसेंबरांत 'मारुती ८००' रस्त्यावर उतरली तेव्हांपासून. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. पण तिनें घालून दिलेला कित्ता कायम राहिला: आंखूड बांधा, लहान एंजिन आणि मागें वर उचललें जाणारें पांचवें दार. या जातीच्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. त्यांपैकीं १९९९ पासून निघत असलेली 'वॅगन-आर' आम्हीं पसंत केली. एका निवृत्त शिक्षकांनीं आठ वर्षें वापरलेली, नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किंमतीची. तिची बैठक उंच, त्यामुळें फार वांकून आंत शिरावें लागत नाहीं. शिवाय तिचे सुटे भाग तालुक्याच्या गांवींहि मिळतात. आडवाटेच्या जिल्ह्यांत भरंवशाची गाडी म्हणजे कधींच न बिघडणारी नव्हे, तर बिघडल्यास जवळच दुरुस्त होणारी.

जुन्या गाडीचा रंग पाहून भुलूं नये. पहांटे, एंजिन थंड असतांना, ती पहिल्याच किल्लीस सुरू होते कीं नाहीं तें पाहावें. टायरवर एकापुढें एक असे चार आंकडे असतात. पहिले दोन ज्या आठवड्यांत तो तयार झाला तो आठवडा, पुढचे दोन वर्ष दाखवितात. नक्षी शाबूत असूनहि रबर म्हातारें झालें असल्यास तें येथें कळतें. मीटरवरचे किलोमीटर दुरुस्तीच्या पावत्यांशीं ताडून पाहावे, आणि ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी खालून तपासून घ्यावी. कर्जाचा बोजा नोंदणींत उरलेला नाहीं, अशी खात्री करून मगच २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे. राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत हस्तांतर कळवावें, असा कायदा आहे. विमा आपल्या नांवें होण्यासाठींहि १४ दिवसांत अर्ज करावा. नोंदणीची मुदत १५ वर्षांची. पुढें तपासणी होऊन दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. आठ वर्षांची गाडी घेतांना हा हिशेब मनांत असावा.

फाल्गुनांतील एका सकाळीं आम्ही पांच माणसें डबे घेऊन निघालों. उन्हें तापलीं होतीं, आणि इमामपूरचा घाट ही गाडीची खरी परीक्षा होती. चढ संपेपर्यंत आमची दृष्टि उष्णतेच्या खुणेवर होती. ती हलली नाहीं. पुढें पांढरीपूल, मग घोडेगांव. तेथून शनिशिंगणापूरला वळलों. ज्या गांवीं घरांना दारें न लावण्याची परंपरा, तेथें आम्ही मोटारीचें कुलूप दोनदां ओढून पाहतों, याचें मातोश्रींना हसूं आलें.

नेवाशाकडे जातांना मुळेच्या कालव्यावर वाढलेला ऊंस दुतर्फा दिसूं लागतो. प्रवरेच्या कांठच्या या गांवीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं ती सांगितली असें परंपरा मानते, तो पैस खांब प्रथम पाहिला. नंतर मोहिनीराजाच्या कोरीव दगडी देवळांत गेलों. मातोश्री देवासमोर बसल्या त्या घटकाभर उठल्याच नाहींत. पूर्वीं येथें आलों कीं परतीच्या एस. टी.च्या वेळेकडे लक्ष असे. त्या दिवशीं कोणीं घड्याळ पाहिलें नाहीं. फक्त उजेड असतां निघालों, कारण उंसाच्या हंगामांत दिवे नसलेल्या ट्रॉल्या अंधारांत चटकन दिसत नाहींत.

या गोष्टीला वर्ष झालें. मध्यंतरीं बॅटरी बदलावी लागली, एकदां क्लचचें काम निघालें. तो खर्च वहींत मांडला आहे. याच गाडीनें मातोश्रींनीं चौंडी पाहिली, सिद्धटेकचा गणपति पाहिला. नवी गाडी घेण्याइतका पैसा जमेपर्यंत थांबावें, हा उपदेश तरुण जोडप्यांना शोभेल. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें आहेत, त्यांनीं चांगली पारखलेली जुनी गाडी घ्यावी आणि निघावें. नव्या गाडीची वाट आपण पाहूं शकतों. त्यांना तेवढा अवकाश असेलच असें नाहीं.